पाईच्या पाकिटावर 26 घटक, आणि सासूबाई म्हणतात विष

या वेळचं पत्र इंग्लंडमधल्या रेडिंगहून आलंय. थोडं कापून देतेय.

"ताई, मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो, मुलगा 10 वर्षांचा. आठवड्यातून तीनदा तरी सुपरमार्केटची तयार पाई ओव्हनमध्ये टाकते, चिकन अँड मशरूम नाहीतर चीज अँड ऑनियन पेस्टी, आणि नवऱ्याला रोज डब्यात छोट्या पोर्क पाई लागतात. सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात. त्यांनी भिंग घेऊन पाकीट वाचलं, 26 घटक मोजले आणि म्हणाल्या, नातवाला विष घालतेस. मी रात्रभर झोपले नाही. लेबल टाइप करून सोबत देतेय. खरंच इतकं वाईट आहे का? बंद करू का? आणि बंद केलं तर बुधवारी संध्याकाळी सात वाजता मी काय करू?"

अगं, लेबल पूर्ण टाइप करून पाठवलंस ते फार बरं केलंस, नाहीतर लोक नुसतं "ताई पाई चांगली का वाईट" विचारतात आणि मग मी काय सांगणार. (पाई म्हणजे मैद्याच्या कवचात सारण भरून भाजतात ती, त्या कवचाला इथे पेस्ट्री म्हणतात, आणि पेस्टी म्हणजे करंजीसारखी दुमडलेली पाई. मी पाई असंच लिहिते, पाय लिहिलं की चिकनचे पाय वाटतात.) मी 11 वर्षं मिडलँड्समधल्या एका चिल्ड फूडच्या, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवून विकायच्या तयार पदार्थांच्या फॅक्टरीत क्वालिटीला होते, पाई, पेस्टी, कीश सगळं त्याच शेडमधून जायचं, त्यामुळे तुझ्या लेबलवरची एकेक ओळ लाइनवर कुठे पडते ते माझ्या डोळ्यासमोर आहे.

आधी सासूबाईंचं. त्यांच्यावर रागावू नकोस. भिंग घेऊन पाकीट वाचणारी बाई घरात असणं ही चांगली गोष्ट आहे, फक्त त्यांनी जिथे बोट ठेवलं ती जागा चुकली. त्या 26 मधले चार घटक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आयर्न, नायसिन, थायमिन, हे पिठात घालणं या देशात कायद्याने सक्तीचं आहे, कॅल्शियम तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून, आणि आत्ताचा नियम 1998 चा आहे. होलमील सोडून सगळ्या गव्हाच्या पिठाला तो लागू होतो. तुझ्या घरातली मीडियम चपाती आट्याची पिशवी उलटी करून बघ, तिथेही हीच चार नावं असतील आणि त्याच पिठाच्या पोळ्या त्या रोज लाटतायत. ई-नंबरचंही, म्हणजे खाण्यात घालायला मंजूर केलेल्या वस्तूंना जे आकडे देतात त्यांचंही तसंच, ई 100 म्हणजे हळदीतला पिवळा रंग, ई 300 म्हणजे व्हिटॅमिन सी, ई 500 म्हणजे खायचा सोडा. भारतात यालाच आयएनएस म्हणतात, आकडा तोच असतो, पुण्यातल्या बिस्किटाच्या पुड्यावर आयएनएस 471 दिसलं तर ते आणि तुझ्या पाईवरचं ई 471 एकच. नंबर आहे याचा अर्थ एवढाच की ती वस्तू तपासून यादीत घेतलीय. तो नंबर आहे म्हणून घाबरायचं नाही, पण नंबर नाही म्हणजे चांगलं असंही नाही, त्यावर खाली येतेच.

मी लेबल वाचताना एकच प्रश्न विचारते, ही वस्तू इथे कोणाच्या जागेवर बसलीय? घरी आपण पाई केली असती तर इथे काय असतं? हे विचारलं ना की सगळं लेबल उलगडतं.

तुझ्या लेबलवर एल-सिस्टीन आहे. आपण कणीक भिजवतो आणि अर्धा तास झाकून ठेवतो, बरोबर? नाही ठेवली तर लाटताना पोळी परत आक्रसते. फॅक्टरीत पीठ पट्ट्यावरून चादरीसारखं सतत पळत असतं, ठराविक वेळेच्या पलीकडे तिथे अर्धा मिनिट जास्त थांबलं तरी पुढचं सगळं अडतं, मग ते ताणलेलं ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन, सैल करायला चिमूटभर एल-सिस्टीन घालतात. म्हणजे ते बसलंय वेळेच्या जागेवर. आरोग्याला त्याचा त्रास नाही, ते एक साधं अमिनो ॲसिड आहे, पण ते पूर्वापार पक्ष्यांच्या पिसांपासून काढतात, आता फर्मेंटेशननेही बनतं, कुठलं वापरलंय ते लेबलवर लिहावं लागत नाही. तुमच्याकडे कोणी शुद्ध शाकाहारी असेल तर हे माहीत असावं.

पाम ऑइल, रेपसीड ऑइल, आणि त्यांना पाण्याबरोबर धरून ठेवायला मोनो अँड डायग्लिसराइड्स म्हणजे ई 471, आणि रंगाला कॅरोटीन. हे चौघं मिळून बसलेत लोण्याच्या जागेवर. लोणी महाग आणि लाइनवर सांभाळायला कटकटीचं, जरा गरम झालं की वितळतं, त्यामुळे पेस्ट्री मार्जरीन वापरतात, आणि ते पांढरंफटक दिसतं म्हणून कॅरोटीन, गाजरात असतो तो पिवळा रंग.

मॉडिफाइड मेझ स्टार्च, म्हणजे प्रक्रिया केलेलं कॉर्नफ्लॉर, हा तर पाईचा कणाच म्हणायला हवा. तू घरी कॉर्नफ्लॉर लावून मंचुरियनची ग्रेव्ही केलीस आणि उरलेली फ्रीजमध्ये ठेवलीस तर दुसऱ्या दिवशी काय होतं? वर पाणी सुटतं आणि खाली गोळा बसतो. पाईत असं झालं तर तळाची पेस्ट्री भिजून लगदा होईल. म्हणून असा स्टार्च लागतो जो थंड करा, गोठवा, पुन्हा तापवा, पाणी सोडत नाही. मी पहिल्यांदा लाइनवर उभी राहिले तेव्हा सारण गरमागरम रश्शासारखं ओततील असं वाटलं होतं, प्रत्यक्षात ते फ्रीजसारखं थंड आणि बांधलेल्या श्रीखंडाइतकं घट्ट होतं, मशीनच्या नळीतून पेस्ट्रीच्या वाटीत बदकन एक गोळा पडायचा आणि तसाच उभा राहायचा, लगेच वरून झाकण, कडा दाबणं, ग्लेझचा फवारा. गरम सारण घातलं तर चरबी वितळून पेस्ट्री ओव्हनच्या आधीच बसते, म्हणून हे सगळं. आता या स्टार्चने पोटात काही बिघडतं का, तर तसं नाही, पण त्याने एक गोष्ट शक्य होते, कमी चिकन आणि जास्त पाणी असलेलं सारणसुद्धा दाट आणि भरगच्च दिसतं. तो बसलाय क्रीमच्या, आणि थोडा चिकनच्याही जागेवर.

आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट बसलाय हाडं उकळून काढलेल्या स्टॉकच्या जागेवर.

आता तुझ्या पाईवर चिकन 13% लिहिलंय. पाई 250 ग्रॅमची. म्हणजे सगळं मिळून 32-33 ग्रॅम चिकन, वाटीत काढलंस तर दोन-तीन मोठे तुकडे. आणि ही पाई कायद्यापेक्षा बरी आहे बरं का! इथल्या नियमात 200 ग्रॅमवरच्या नुसत्या "चिकन पाई"ला 12.5% मांस लागतं, पण नावात दुसरा पदार्थ आला, जसं चिकन अँड मशरूम, की 7% पुरतं, आणि नावात भाजी आधी आणि मांस नंतर असेल तर 6%. पेस्टी आणि सॉसेज रोललाही 6%. नावातल्या शब्दांची अदलाबदल आणि मांस कमी, हे गिऱ्हाइकाला कुठे माहीत असतं? म्हणून चित्र बघू नकोस, टक्केवारी बघ. नावात जो पदार्थ आहे त्याची टक्केवारी छापणं बंधनकारक आहे, ती असतेच.

मग काळजी कशाची करायची? मीठ आणि सॅच्युरेटेड फॅट. ही दोन्ही ॲडिटिव्ह नाहीत, त्यांना ई-नंबर नाही, म्हणून सासूबाईंच्या भिंगातून ती सुटली. तुझ्या लेबलवर 100 ग्रॅमला मीठ 1 ग्रॅम आहे, म्हणजे अख्ख्या पाईत 2.5 ग्रॅम. 10 वर्षांच्या मुलाला दिवसभरात जास्तीत जास्त 5 ग्रॅम मीठ चालतं. म्हणजे एका पाईत त्याचं अर्ध्या दिवसाचं मीठ झालं, आणि वरून तू ग्रॅन्यूल्सची ग्रेव्ही ओतत असशील तर त्यातही मीठच. सॅच्युरेटेड फॅट 100 ग्रॅमला 7.5, म्हणजे पाईत जवळजवळ 19 ग्रॅम, आणि बाईला दिवसाची मर्यादा 20 ग्रॅम सांगतात, पुरुषाला 30, मुलाला बाईपेक्षाही कमी. पुढच्या बाजूला जे लाल-पिवळे-हिरवे रंग असतात ना, ते ऐच्छिक आहेत पण बहुतेक सुपरमार्केट छापतात, त्यात 100 ग्रॅमला सॅच्युरेट्स 5 ग्रॅमच्या वर गेले की लाल. मिठाचा लाल 1.5 ग्रॅमच्या वर लागतो, म्हणून तुझ्या पाईवर एरवी पिवळा आला असता, पण एका वाढणीत 1.8 ग्रॅमच्या वर मीठ गेलं तरी लाल देतात, आणि मग तुझी अख्खी पाई लालमध्ये जाते. पाकिटावर "अर्धी पाई म्हणजे एक सर्व्हिंग" छापलंय का ते बघ, अर्धी धरली की 1.25 होतात आणि रंग पिवळाच राहतो, खातो मात्र मुलगा अख्खी.

मी सगळं पाठीशी घालतेय असं वाटायला नको म्हणून हेही सांगते. इमल्सिफायरबद्दल, म्हणजे ई 471 सारख्या तेल-पाणी धरून ठेवणाऱ्या वस्तूंबद्दल, गेल्या काही वर्षांत खरे प्रश्न उभे राहिलेत. 2015 मध्ये उंदरांवर दोन इमल्सिफायर तपासले, आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला, पण ते दोन तुझ्या लेबलवर नाहीत. 2023 मध्ये फ्रान्समधल्या सुमारे 95 हजार मोठ्या माणसांच्या पाहणीत मात्र ई 471 जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार थोडा जास्त आढळला. याने ई 471 मुळेच होतो असं सिद्ध होत नाही, कारण जो ते जास्त खातो तो पाकिटातलंच जास्त खातो, ते वेगळं काढणं अवघड असतं. पण मी हे वाचून खांदे उडवणार नाही. आणि 2019 मध्ये अमेरिकेत केविन हॉल यांनी 20 जणांना चार आठवडे दवाखान्यात ठेवून दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड, म्हणजे फॅक्टरीत खूप प्रक्रिया झालेलं, आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं, हवं तेवढं खा म्हणून. साखर, चरबी, मीठ, फायबर दोन्हीकडे समोर सारखंच मांडलेलं, तरी पाकिटवाल्या आठवड्यांत माणसं दिवसाला 500 च्या आसपास कॅलरी जास्त खाऊन बसली. मऊ, पटकन गिळता येणारं, चावायचं कामच नाही. पाई अगदी तशीच असते, तुझा मुलगा ती किती मिनिटांत संपवतो ते एकदा घड्याळ लावून बघ.

आता पोर्क पाई. खरं तर तू चिकन पाईबद्दल विचारलंस, पण मला काळजी वाटली ती नवऱ्याच्या डब्याची. घरी जाऊन एक पोर्क पाई सुरीने मधोमध काप आणि आत बघ. मांस गुलाबी आहे का करडं? डुकराचं ताजं मांस शिजलं की करडं होतं, जसं आपलं मटण शिजलं की तपकिरी होतं. गुलाबी राहिलं म्हणजे बहुतेक वेळा ते क्युअर केलेलं, म्हणजे मीठ आणि नायट्राइट लावून मुरवलेलं असतं, लेबलवर सोडियम नायट्राइट, ई 250, सापडेल. लेस्टरशायरमधली मेल्टन मोब्रेची पाई करडी असते, कारण तिला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याच्या अटींतच आहे की मांस क्युअर न केलेलं हवं, कृत्रिम रंग-प्रिझर्व्हेटिव्ह नकोत. तिच्या बाजूही जरा फुगीर असतात कारण साच्याशिवाय भाजतात. नायट्राइट उगाच घालत नाहीत, त्याने बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू दबतात, ते काम महत्त्वाचं आहे, पण क्युअर न करता ताजं मांस नीट भाजून थंड ठेवूनही पाई टिकते हे मेल्टन मोब्रेवाले दाखवतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2015 मध्ये प्रोसेस्ड मांस पहिल्या गटात, म्हणजे ज्याने कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे अशा गटात टाकलं, रोज 50 ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरची शक्यता 18% वाढते असं. म्हणजे 100 पैकी 18 जणांना होतो असं नाही हं, मुळात जी शक्यता आहे तिच्यात 18% भर. पण त्यात "रोज" हा शब्द आहे, आणि तुझा नवरा रोजच नेतो म्हणतेस. हे मात्र बंद कर. निदान रोजचं तरी. करड्या पाईतही मीठ आणि चरबी काही कमी नसते, त्यामुळे ती सुद्धा कधीतरीच.

आणि तुम्ही बीफ खात नसाल तर पोर्क पाईतल्या जेलीचं लेबल वाच. पूर्वी हाडांचा स्टॉक वरच्या भोकातून ओतायचे, तो गोठून आतली पोकळी भरायचा, आता बहुतेक ठिकाणी जिलेटिन असतं आणि ते कधी बीफचं असतं. चीज अँड ऑनियन पेस्टीमध्येही चीजचं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायचं विरजण, वासराचं असू शकतं, ई 471 प्राण्याच्या चरबीचं की तेलाचं ते लिहायची सक्ती नाही. सासूबाई गुरुवारी ती पेस्टी खात असतील तर पाकिटावर व्हेजिटेरियन शिक्का आहे ना तेवढं बघून घे, तो असला की हे प्रश्न मिटतात.

वर म्हटलं ना, नंबर नाही म्हणजे चांगलं असं नाही. फॅक्टरीत असताना आमच्याकडे एक मोठं गिऱ्हाईक आलं, त्यांना पाकिटावर एकही ई-नंबर नको होता. आम्ही सहा महिने त्याच्यावर काम केलं. रंगाच्या जागी "कॅरट कॉन्सन्ट्रेट", चव वाढवणाऱ्याच्या जागी यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, काही कामं एन्झाइमवर टाकली, आणि पीठ मळताना वापरलेले एन्झाइम प्रोसेसिंग एड, म्हणजे बनवताना फक्त मदतीला घेतलेली वस्तू, धरतात, ते लेबलवर येतच नाहीत. शेवटी पाकीट अगदी स्वयंपाकघरातलं वाटायला लागलं. मीठ तेवढंच होतं, पाम ऑइल तेवढंच, चिकन एक ग्रॅमही वाढलं नव्हतं. त्या पाकिटावर मोठ्या अक्षरात "नथिंग आर्टिफिशियल" आलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं, कारण तुझ्यासारख्या बायका तेच वाचून जास्त पैसे देतात. आणि काउंटरवर गरम, उघडी मिळणारी पाई घरगुती वाटते पण तिला तर घटकांची यादीच नसते, ॲलर्जीचं विचारलं तर सांगावं लागतं.

विष म्हणून विचारलंस तर उत्तर नाही असं आहे. तू कोणाला विष घातलेलं नाहीस, दिवसभर नोकरी करून पोराला वेळेवर गरम जेवायला वाढलंस. आठवड्यातून तीनदा हे मात्र जास्त आहे, आणि ते मी तुला स्पष्ट सांगते कारण तू स्पष्ट विचारलंस. एकदा ठेव. त्या दिवशी मुलाला अर्धी पाई, बाकी ताटात वाटाणे, गाजर, घरची कोशिंबीर, ग्रेव्ही नको. घेताना मांसाची टक्केवारी 20 च्या पुढे आणि पेस्ट्रीत लोणी, अशी एखादी सापडली तर ती घे, महाग पडेल पण आठवड्यात एकच घ्यायचीय.

राहिला बुधवार. तुझा नवरा पुण्याचा ना, मग पाई त्याला का आवडते ते मला कळतं, शाळेतून येताना बेकरीतलं गरम पॅटीस खाऊन मोठी झालेली माणसं आहेत ही. (ते पॅटीससुद्धा बहुतेक ठिकाणी मार्जरीनचंच असायचं, फक्त त्याला पाकीट नव्हतं म्हणून कोणी भिंग लावलं नाही. हे सासूबाईंना हळूच सांग, भांडणात नको.) तर तयार पफ पेस्ट्रीचा रोल आण, "ऑल बटर" लिहिलेला, त्यात मुख्य घटक पीठ, लोणी, पाणी, मीठ एवढेच असतात, साध्या रोलमध्ये पुन्हा पाम ऑइल. रविवारी सासूबाईंकडून बटाट्याची पिवळी भाजी करून घे, वाटाणे घालून, नाहीतर उरलेल्या चिकनमध्ये कांदा परतून थोडं दूध आणि कणीक लावून दाट कर. सारण पूर्ण गार झालंच पाहिजे, फॅक्टरीत आम्ही जे मशीनने करायचो ते हेच. रोलचे सहा तुकडे, प्रत्येकात दोन चमचे सारण, दुमडून काट्याने कडा दाब, आणि न भाजताच ट्रेवर सुटे ठेवून फ्रीझरमध्ये टाक. बुधवारी सात वाजता फ्रीझरमधून थेट 200 अंशावर, पंख्याचा ओव्हन असेल तर 180, अर्ध्या तासात वरून सोनेरी होतात, तेवढ्यात तू कपडे बदलून येशील. मधला भाग वाफाळता गरम झालाय ना ते एक कापून बघ.

आणि कडा दाबायचं काम नातवाकडे दे, आजीच्या शेजारी उभं करून, फक्त रोल फ्रीजमधून दहाच मिनिटं आधी बाहेर काढ, जास्त वेळ राहिला तर लोणी सुटतं आणि मग तो हातात धरवत नाही.